पोस्टग्रेसचं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’: लाख-दोन लाख रो अट लावून आत ढकलायचे असतील तर वापरावं का?

आधीच निकाल देऊन टाकतो, पाचपैकी चार स्टार. ‘हा रेकॉर्ड आधीपासून असेल तर सोड, नाहीतर टाक’ या एका कामासाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. पण लोक त्याच्याकडून भलतीच कामं करून घ्यायला बघतात, म्हणजे घाण डेटा गाळणं, एकाच फाइलमधले डबल रेकॉर्ड निस्तरणं, किती नवीन आले नि किती बदलले याचा हिशोब देणं, आणि ते जमलं नाही की फीचरला शिव्या घालतात. ती त्याची कामं नाहीत. एक स्टार मी कापलाय तो ‘कॉपी’ या, अख्खी फाइल थेट टेबलात ओतणाऱ्या कमांडवरून, ते खाली येईल.

ज्यांना हा प्रश्न अजून पडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेरून एक मोठी फाइल येते, समजा प्रॉडक्टची यादी, दोन लाख रो, प्रत्येकाला एक एसकेयू (म्हणजे प्रॉडक्ट ओळखायचा) कोड, नाव, किंमत आणि शेवटचा बदल कधी झाला ती वेळ. यातले बरेचसे आपल्या टेबलात आधीच बसलेत, काही कोरे करकरीत, काही जुनेच पण किंमत बदललेली, आणि काही तर आपल्याकडे आहे त्याहूनही शिळे कारण पाठवणाऱ्याने मागचीच फाइल परत पाठवली. हे सगळं सरसकट इन्सर्ट केलं तर पहिल्याच डुप्लिकेटला युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे ‘हा कोड दोनदा नको’ हा टेबलाचा नियम, बोंब मारतो आणि अख्खं स्टेटमेंट मागे फिरतं, एका रोपायी बाकी एक लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव बाहेर.

मग सगळ्यांना पहिल्यांदा जे सुचतं तेच सुचतं, लूप लावायचा, प्रत्येक रोसाठी सिलेक्ट मारून बघायचं आहे का, नसेल तर इन्सर्ट. हिशोब करून बघा, डेटाबेसपर्यंत जाऊन यायला एक मिलिसेकंद धरला तरी दोन लाख रोंना दोन-दोन फेऱ्या म्हणजे ४०० सेकंद, पावणेसात मिनिटं नुसती ये-जा, डेटाबेसने काम किती केलं ते वेगळंच. आणि हळू आहे हे परवडलं एकवेळ, खरा घोळ पुढे आहे. दोन वर्कर एकाच वेळी चालू असतील तर दोघांनी सिलेक्ट मारलं, दोघांनाही ‘नाही’ असं उत्तर आलं, दोघांनीही इन्सर्ट केलं, एकाचं झालं आणि दुसरा एररने आपटला. ‘ट्रान्झॅक्शनमध्ये टाकलंय की’ असं म्हणणारे भेटतात, पण रीड कमिटेड या डीफॉल्ट लेव्हलला ट्रान्झॅक्शन ही फट बुजवत नाही, दुसऱ्याने कमिट न केलेला रो तुम्हाला दिसतच नाही तर सिलेक्ट बिचारं काय सांगणार.

दुसरी पायरी म्हणजे इन्सर्ट सिलेक्ट व्हेअर नॉट एक्झिस्ट्स. ही पद्धत मला आवडते, स्पष्ट सांगतो. एकच स्टेटमेंट, सगळे रो एकदम, प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अँटी-जॉइन लावून, म्हणजे न जुळणारे तेवढे वेचून, झटक्यात उरकतो, जवळपास कुठल्याही डेटाबेसवर चालते, आणि अट फक्त की जुळण्यापुरती नसते, व्हेअरमध्ये काहीही लिहा. टेबलात लिहिणारा एकच जॉब असेल आणि तो रात्री एकटाच चालत असेल तर इथेच थांबा, पुढचं काही लागत नाही. पण दुसरा कुणी त्याच वेळी लिहितोय म्हटलं की तीच फट परत, छोटी झाली असेल, बुजलेली नाही.

ऑन कॉन्फ्लिक्ट आलं आवृत्ती ९.५ मध्ये, जानेवारी २०१६ ला. त्याच्या आधी पोस्टग्रेसवाले त्याच्या पीएल/पीजीएसक्यूएल या आतल्या भाषेत लूप लिहून, त्यात अपडेट करून बघ, नाही झालं तर इन्सर्ट, त्यात युनिकची एरर आली तर ती पकड आणि परत वर जा, असला प्रकार करायचे आणि तो फॉर्म्युला डॉक्युमेंटेशनमध्येच उदाहरण म्हणून दिलेला होता. प्रत्येक एरर पकडायला आतल्या आत एक सबट्रान्झॅक्शन, म्हणजे बल्कच्या नावाने आनंदच. त्यामुळे ९.५ आल्यावर लोकांनी सुटकेचा श्वास का सोडला ते समजू शकतं.

वापरायला एकदम सोपं. इन्सर्ट नेहमीसारखा लिहायचा, शेवटी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट (एसकेयू) डू नथिंग’ जोडायचं, संपलं, असलेले रो गुपचूप सोडले जातात आणि नवीन आत जातात. किंवा ‘डू अपडेट सेट किंमत = एक्सक्लूडेड.किंमत’, इथे एक्सक्लूडेड म्हणजे जो रो आपण टाकायला निघालो होतो तो. डू अपडेटला तर रीड कमिटेडवर गॅरंटी आहे, दुसरी काही एरर नसेल तर प्रत्येक रोचं इन्सर्ट किंवा अपडेट यातलं एक होणारच, बाजूला कितीही गर्दी असो. हे वाक्य डॉक्युमेंटेशनवाल्यांनी सहज लिहिलेलं नाही, आतमध्ये आधी रो तात्पुरता टाकून बघायचा, इंडेक्समध्ये धडक झाली तर तो मागे घ्यायचा आणि परत तपासायचं अशी यंत्रणा आहे, आणि ती नीट चालते.

आता ज्याला मी खरा माल म्हणतो ते, डू अपडेटच्या मागे व्हेअर लावता येतो. ‘व्हेअर एक्सक्लूडेड.बदल_वेळ > प्रॉडक्ट.बदल_वेळ’ एवढं लिहिलं की शिळ्या फाइलचा प्रश्न मिटला, जुना रो आला तर काहीच होत नाही. याच व्हेअरचा दुसरा उपयोग बऱ्याच जणांना माहीत नसतो. पोस्टग्रेस अपडेट करतं म्हणजे जुना रो तिथेच ठेवून नवीन व्हर्जन लिहितं, व्हॅल्यू तीच असली तरी! म्हणजे दोन लाखांपैकी पाचशेच किमती बदलल्या असतील आणि तुम्ही डोळे झाकून डू अपडेट केलंत तर जवळपास दोन लाख मेलेली व्हर्जन टेबलात पडली, वॅल (बदलांची नोंदवही) वाढला, मेलेली व्हर्जन झाडणाऱ्या व्हॅक्यूमला काम लागलं, रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवर) लोड आला, आणि डेटा होता तिथंच. त्यावर उपाय ‘व्हेअर प्रॉडक्ट.किंमत इज डिस्टिंक्ट फ्रॉम एक्सक्लूडेड.किंमत’. बरोबर-नाही वाली साधी तुलना वापरू नका, नल (रिकामी व्हॅल्यू) आला की ती फसते, इज डिस्टिंक्ट फ्रॉम नलला पण नीट सांभाळतं. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, व्हेअरमध्ये नापास झालेले रो अपडेट होत नसले तरी लॉक होतात, आणि ते लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाहीत. बल्क जॉब मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणाऱ्यांना हे कधी ना कधी टोचतं.

आता खोड्या, आणि त्या कमी नाहीत.

पहिली, हे फीचर म्हणजे दारावर हातात एकच यादी घेऊन उभा केलेला वॉचमन आहे, यादीत नाव आहे का एवढंच बघणार, बाकी कुणी काय घेऊन आत चाललाय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. यादी म्हणजे युनिक इंडेक्स किंवा एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट. फॉरेन की मोडली (दुसऱ्या टेबलात ज्याचा संदर्भ दिला तो रोच नाही), नॉट नल मोडलं, चेक कन्स्ट्रेंट (व्हॅल्यूवरची अट) मोडला, आकड्याच्या जागी अक्षरं आली, यातल्या कशालाही डू नथिंग वाचवत नाही, एक रो फसला की सगळं स्टेटमेंट फसलं. ‘डू नथिंग लावलंय तरी एरर कशी येते’ हा प्रश्न विचारणारे इतके आहेत की बास. फॉरेन कीच्या बाबतीत उपाय म्हणजे सरळ पेरेंट टेबलशी जॉइन करून जे जुळतात तेवढेच इन्सर्टला द्यायचे.

दुसरी, युनिक इंडेक्सच नसेल तर ऑन कॉन्फ्लिक्ट (एसकेयू) सरळ एरर देतं की जुळणारा कन्स्ट्रेंट नाही. बरं करतं. उलट टार्गेट न देता नुसतं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लिहिलं तर ते चालतं, आणि टेबलवर असेल त्या कुठल्याही युनिकवर धडक झाली तरी रो सोडून देतं, म्हणजे तुम्हाला वाटतंय एसकेयू डुप्लिकेट होता म्हणून सोडला आणि खरं तर बारकोड दुसऱ्याच प्रॉडक्टशी भिडला होता, जो चुकीचा डेटा होता आणि तुम्हाला कळायला हवा होता. म्हणून टार्गेट नेहमी लिहा, आळस करू नका. डू अपडेटला तर टार्गेट द्यावंच लागतं, आणि एकच देता येतं, ‘एसकेयू किंवा बारकोड, जे भिडेल त्यावर अपडेट’ असं म्हणायची सोय नाही. खरं तर एसक्यूलाइटने ३.३५ पासून एकामागे एक अनेक ऑन कॉन्फ्लिक्ट लिहायची सोय दिलीय, एवढ्याशा डेटाबेसने, आणि पोस्टग्रेसमध्ये नाही, याचं मला जरा हसू येतं.

सॉफ्ट डिलीटवाल्यांनी, म्हणजे रो न पुसता ‘डिलीट झाला’ अशी नुसती खूण करणाऱ्यांनी, इकडे लक्ष द्या. इंडेक्स ‘डिलीट झालेले सोडून बाकीच्यात एसकेयू युनिक’ असा पार्शल असेल तर ऑन कॉन्फ्लिक्टच्या टार्गेटमध्येही तीच व्हेअर अट लिहावी लागते, नाहीतर त्याला इंडेक्स सापडतच नाही. आणि युनिकच्या कॉलममध्ये नल चालत असेल तर डीफॉल्टने दोन नल वेगळे धरले जातात, म्हणजे धडक होणारच नाही आणि तोच रो प्रत्येक फाइलला नव्याने आत येत राहील, टेबल फुगेल आणि एरर मात्र शून्य. आवृत्ती १५ पासून इंडेक्स करताना ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ म्हणता येतं, त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर कोअलेस लावून, म्हणजे नलच्या जागी एक ठरलेली व्हॅल्यू धरून, एक्स्प्रेशन इंडेक्स.

तिसरी खोडी बल्कवाल्यांची खास. एकाच स्टेटमेंटमध्ये तोच एसकेयू दोनदा आला आणि डू अपडेट असेल तर ‘एकाच रोला दुसऱ्यांदा हात लावता येणार नाही’ अशा अर्थाची एरर येते आणि सगळं रद्द. लोक याला बग म्हणतात. मला हे वागणं शंभर टक्के पटतं, दोन किमती आल्यात, त्यातली कुठली ठेवायची हे डेटाबेसने कसं ठरवायचं, तुम्ही ठरवा ना. डू नथिंगमध्ये मात्र एरर येत नाही, जो आधी पोचला तो बसला, दुसरा गुपचूप गळाला, आणि आधी कोण पोचला हे तुम्ही ऑर्डर बाय लावलेलं नसेल तर नशिबावर. दोन्हीवर औषध एकच, ‘सिलेक्ट डिस्टिंक्ट ऑन (एसकेयू) ... ऑर्डर बाय एसकेयू, बदल_वेळ डेस्क’, म्हणजे प्रत्येक एसकेयूचा सगळ्यात ताजा एकच रो पुढे जातो. ऑर्डर बायचा आणखी एक फायदा फुकट मिळतो, दोन वर्कर तेच रो वेगवेगळ्या क्रमाने पकडायला गेले की डेडलॉक होतो, दोघेही एसकेयूच्या क्रमाने गेले तर एक दुसऱ्याची वाट बघतो आणि गाडी पुढे जाते.

चौथी, सीक्वेन्स. आयडी आपोआप वाढणारा असेल तर धडक होते की नाही हे बघायच्या आधीच पुढचा नंबर उचलला जातो, आणि रो सोडला किंवा अपडेट केला तरी नंबर परत मिळत नाही. मधे खड्डे पडले म्हणून काही बिघडत नाही, ज्यांना आयडी सलग हवेत त्यांनी तो हट्ट सोडावा. पण साधा सीरियल असेल तर मर्यादा २१४७४८३६४७. दिवसाला दहा लाख रो या दाराने गेले, एकही नवीन नसला तरी, सहा वर्षांच्या आत नंबर संपले. दिवसातून चार वेळा तीच फाइल चालवत असाल तर दीड वर्ष. टेबलात रो दहा लाख आणि सीक्वेन्स संपला, ही अवस्था बघायला फार विचित्र असते. बिगसीरियल घ्या, किंवा आधी नॉट एक्झिस्ट्सने गाळून उरलेल्यांनाच ऑन कॉन्फ्लिक्टच्या दारात पाठवा, मी दोन्ही एकत्र वापरतो, गाळणी कामासाठी आणि ऑन कॉन्फ्लिक्ट त्या उरलेल्या फटीसाठी.

पाचवी, रिटर्निंग, म्हणजे इन्सर्ट झालेल्या रोंचे कॉलम लगेच परत मागणं. ‘डू नथिंग रिटर्निंग आयडी’ लिहिलं की वाटतं सगळ्यांचे आयडी मिळतील, मिळतात फक्त नव्याने टाकलेल्यांचे, सोडलेल्यांचे नाही. मग लोक आयडी मिळावा म्हणून ‘डू अपडेट सेट एसकेयू = एक्सक्लूडेड.एसकेयू’ असला खोटा अपडेट करतात आणि वर सांगितलेली मेलेली व्हर्जन अंगावर घेतात. दहा-वीस रोंना ठीक आहे, लाखांना नाही, तिथे इन्सर्ट झाल्यावर एसकेयूवर परत एक जॉइन मारून आयडी उचला, स्वस्तात पडतं.

एवढ्या खोड्या काढल्या तरी चार स्टार का, तर यातली एकही खोडी डेटा गुपचूप खराब करत नाही. एरर देतं, नंबर खातं, रो सोडतं, पण सांगितलंय तेच करतं. शेजारच्या दुकानात हे बघा. मायएसक्यूएलचं इन्सर्ट इग्नोर डुप्लिकेट तर सोडतंच, पण सोबत बाकीच्या बऱ्याच एररची पण वॉर्निंग करून टाकतं, लांब स्ट्रिंग कापून बसवतं, नॉट नल कॉलममध्ये नल आला तर शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग भरतं. बल्क लोडला हे वापरलं की लोड ‘यशस्वी’ होतो आणि आत काय बसलंय ते देवाला माहीत. रिप्लेस तर त्याहून भारी, ते अपडेट करतच नाही, जुना रो डिलीट करून नवीन टाकतं, म्हणजे ऑटो-इन्क्रिमेंट आयडी नवा, तुम्ही न दिलेले कॉलम डीफॉल्टवर, आणि चाइल्ड टेबलवर ऑन डिलीट कॅस्केड असेल तर ती पोरं पण गेली. तिथे नीट वापरण्यासारखं एकच, ऑन डुप्लिकेट की अपडेट, पण त्याला कुठल्या कीवर धडक हवी ते सांगताच येत नाही, टेबलवर दोन युनिक असले की कुठल्या रोचा अपडेट होईल यावर भरवसा नको. आणि त्याचा अफेक्टेड रो हा आकडा इन्सर्टला १, अपडेटला २, काहीच न बदलल्यास ०, या गणिताने येतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये टाकलेल्यापेक्षा जास्त रो दिसले तर दचकू नका.

एसक्यूलाइटने पोस्टग्रेसचंच सिंटॅक्स उचललं, ३.२४ मध्ये, २०१८ ला, आणि चांगलं उचललं. फक्त सिलेक्टमधून इन्सर्ट करताना पार्सरला ‘ऑन’ हा जॉइनचा वाटू नये म्हणून सिलेक्टच्या शेवटी उगाच ‘व्हेअर ट्रू’ लिहावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांकडे २००८ पासून मर्ज आहे, जुळलं तर अपडेट आणि नाही तर इन्सर्ट करणारं स्टेटमेंट, पण गर्दीत वापरायचं तर होल्डलॉक हिंट लावा, नाहीतर मर्ज असूनही डुप्लिकेटची एरर येऊ शकते. ओरॅकलबद्दल मात्र मला हेवा वाटतो. तिथे इन्सर्टच्या मागे ‘लॉग एरर्स इन्टू’ लावलं की फसलेले रो कारणासकट वेगळ्या टेबलात जाऊन पडतात आणि बाकीचे आत जातात, आणि ‘इन्सर्ट ऑल व्हेन’ ने अटीप्रमाणे एकाच सिलेक्टमधून वेगवेगळ्या टेबलांत रो वाटता येतात. हे पोस्टग्रेसमध्ये हाताने करावं लागतं.

आता स्पीड, कारण बल्क म्हटलं की सगळे शेवटी इथेच येतात. ऑन कॉन्फ्लिक्ट स्वतः हळू नाही, तुम्ही रो त्याच्यापर्यंत कसे पोचवता ते हळू असतं. एकेक रो पाठवला तर राउंड ट्रिप मारून टाकते. पायथनचं सायकोपीजी२ वापरणाऱ्यांना एक्झिक्यूटमेनी हे नाव बघून वाटतं की हे बल्क आहे, आतून ते एकेकच पाठवतं, एक्झिक्यूट व्हॅल्यूज वापरा, आणि त्याचं पेज साइझ डीफॉल्टला १०० असतं ते वाढवा. जावावाल्यांनी कनेक्शनमध्ये रीराइट बॅच्ड इन्सर्ट्स चालू करा. एका व्हॅल्यूजमध्ये भरपूर रो कोंबायचे तर प्रोटोकॉलची मर्यादा एका स्टेटमेंटला ६५५३५ पॅरामीटर, दहा कॉलम असतील तर ६५५३ रो आणि बास. यातून सुटायचा छान मार्ग म्हणजे अननेस्ट, प्रत्येक कॉलमचा एक ॲरे पाठवायचा, दहा कॉलम म्हणजे दहाच पॅरामीटर, मग रो कितीही असोत, आणि ते सिलेक्ट असल्याने डिस्टिंक्ट ऑन, जॉइन, व्हेअर सगळं मधे बसतं. मध्यम आकाराच्या कामाला माझी पहिली पसंती हीच.

लाखाच्या वर गेलं की स्टेजिंग टेबल. टेम्प टेबल करायचं, ‘ऑन कमिट ड्रॉप’ लावायचं, त्यावर कुठलाही कन्स्ट्रेंट ठेवायचा नाही आणि फाइलवर भरवसा नसेल तर सगळे कॉलम सरळ टेक्स्ट, त्यात कॉपीने फाइल ओतायची, मग आपल्या अटी साध्या एसक्यूएलमध्ये लिहायच्या, घाण रो एका रिजेक्ट टेबलात कारणासकट, आणि उरलेल्यांचा एकच इन्सर्ट सिलेक्ट ऑन कॉन्फ्लिक्टसकट. मधे ॲनलाइझ मारायला विसरू नका, टेम्प टेबलला ऑटोव्हॅक्यूम हात लावत नाही, त्याची आकडेवारी आपोआप येत नाही आणि प्लॅनर अंदाजपंचे काहीतरी प्लॅन निवडतो, मग दोन लाख रोंवर नेस्टेड लूप लागला की बसा वाट बघत. हा प्रकार लिहायला थोडा लांबतो पण जे आत गेलं नाही ते का गेलं नाही याचं उत्तर तुमच्याकडे असतं, आणि फाइल पाठवणाऱ्याशी बोलताना ते उत्तर फार कामाला येतं.

आणि इथेच तो कापलेला स्टार. कॉपी ही पोस्टग्रेसची सगळ्यात वेगवान वाट, पण तिला ऑन कॉन्फ्लिक्ट लावता येत नाही. आवृत्ती १२ पासून कॉपीला व्हेअर लावता येतो, तो येणाऱ्या रोवरच, टेबलात काय आहे ते तो बघू शकत नाही, सबक्वेरी चालत नाही. आवृत्ती १७ मध्ये ‘ऑन एरर इग्नोर’ आलं तेव्हा कित्येकांना वाटलं आलं बुवा एकदाचं, पण ते फक्त डेटा टाइप न जुळलेल्या रोंसाठी आहे, आकड्याच्या जागी अक्षरं वगैरे, युनिक मोडला की कॉपी पूर्वीसारखीच आपटते. मायएसक्यूएलच्या लोड डेटाला इग्नोर आणि रिप्लेस कधीपासून आहे, त्यांची वागणूक मला पटत नसली तरी दार आहे. पोस्टग्रेसला इतकी चांगली यंत्रणा आत तयार असताना कॉपीतून आलेल्या रोंसाठी मधे स्टेजिंग टेबल उभं करावं लागतं, म्हणजे तोच डेटा दोनदा लिहायचा, हे खटकतं.

मर्जचं काय, असं कुणीतरी विचारणारच. पोस्टग्रेसमध्ये मर्ज आवृत्ती ११ च्या वेळी आत आलं होतं, रिलीजच्या आधीच परत काढलं, आणि शेवटी आवृत्ती १५ मध्ये, २०२२ ला आलं. त्याला युनिक इंडेक्सची गरज नाही, जॉइनची अट काहीही असू शकते, जुळलं तर अपडेट, अमुक असेल तर डिलीट, नाही जुळलं आणि किंमत शून्याच्या वर असेल तरच इन्सर्ट, अशा एकाखाली एक अटी लावता येतात, आणि आवृत्ती १७ पासून फाइलमध्ये नसलेले पण टेबलात असलेले रो पण पकडता येतात, म्हणजे ‘यादीतून गेलेलं प्रॉडक्ट बंद कर’ हे त्याच स्टेटमेंटमध्ये. अटी भरपूर आणि लिहिणारा एकटा असेल तर मर्ज वाचायलाही छान वाटतं. पण दुसरा कुणी त्याच वेळी तोच एसकेयू टाकत असेल तर मर्ज युनिकच्या एररने पडू शकतं, ऑन कॉन्फ्लिक्टची गॅरंटी त्याला नाही, आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. नवीन आलंय आणि स्टँडर्डमधलं आहे म्हणून जुने ऑन कॉन्फ्लिक्ट काढून मर्ज बसवणाऱ्यांनी एवढं वाचून घ्यावं.

राहिला हिशोब, नवीन किती, बदललेले किती. इन्सर्टनंतर येणारा आकडा दोन्ही मिळून येतो, वेगळं काही कळत नाही. वर्षानुवर्षं लोक ‘रिटर्निंग (एक्समॅक्स = ०)’ ही जुगाडू युक्ती वापरत आले, नवीन रोला एक्समॅक्स (प्रत्येक रोसोबतचा एक लपलेला कॉलम) शून्य असतो या आतल्या गोष्टीवर टेकून, चालते पण रिव्ह्यू करणाऱ्याला दर वेळी समजावत बसा. मर्जला आवृत्ती १७ मध्ये मर्ज ॲक्शन नावाचं फंक्शन मिळालं, आणि १८ मध्ये, म्हणजे २०२५ ला, साध्या इन्सर्टच्या रिटर्निंगमध्ये पण ओल्ड आणि न्यू आले, ओल्ड रिकामा असेल तर रो नवीन, भरलेला असेल तर अपडेट, आणि जुनी किंमत आणि नवी किंमत एकाच ओळीत हातात पडते. ऑडिट टेबल भरायचं असेल तर हा इन्सर्ट विथमध्ये ठेवून त्याच स्टेटमेंटमधून पुढे दुसरा इन्सर्ट करता येतो, ट्रिगर लिहायची गरज नाही. १७ किंवा त्याच्या आधीच्या आवृत्तीवर असाल तर तोपर्यंत एक्समॅक्सवर भागवा, फक्त बाजूला एक कॉमेंट लिहून ठेवा.